ठाण्यात नसबंदी करून घेतली, साडेतीन महिन्यांनी लिहितोय

मी ऐरोलीला राहतो, दोन मुलं आहेत. बायकोची दोन्ही सिझर झाली, दुसऱ्या वेळी टाके पिकले आणि तिने दीड महिना काय सोसलं ते मी बघितलंय, त्यामुळे आता तिचं पोट परत उघडायचं नाही हे माझ्यापुरतं ठरलेलं होतं. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. नाव लिहीत नाही कारण खाली एक तक्रार आहे.

पहिल्या दिवशी केसपेपर काढताना तिथल्या मॅडमनी बायकोकडे बघूनच विचारलं, वय किती तुमचं? पेशंट मी आहे म्हटल्यावर पेन थांबलं. त्यांना तरी काय बोलणार, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात बायकांची नसबंदी ३८ टक्क्यांच्या आसपास आणि पुरुषांची फक्त ०.३ टक्के, म्हणजे सगळं ओझं बायकांवरच टाकून आपण मोकळे.

डॉक्टर मात्र एक नंबर. कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या, इथे कापायच्या नि बांधायच्या, बाकी कशाला हात लावायचा नाही. हार्मोन रक्तातून जातात, या नळीतून नाही, म्हणून दाढी, ताकद, इच्छा काही कमी होत नाही, वीर्यही येतं, फक्त त्यात शुक्राणू नसतात. नळी परत जोडायचं ऑपरेशन असतं पण मूल होईलच याची खात्री नाही, तेव्हा मनात जरा जरी शंका असेल तर आज घरी जा, असं स्वतःहून म्हणाले. तिथेच माझा विश्वास बसला.

घरी आईने दोन दिवस तोंड फिरवलं होतं. आणीबाणीत माणसं धरून नेऊन कशी नसबंदी करायचे ते तिने तेव्हा ऐकलेलं, ते डोक्यातून जात नाही तिच्या. तिला डॉक्टरांचा तोच कागद दाखवला, मग जरा शांत झाली.

ऑपरेशन वीसेक मिनिटांचं. पूर्ण भूल नाही, जागच्या जागी इंजेक्शन, ते दहा सेकंद झोंबतं. मग दुखत नाही पण आतून काहीतरी ओढल्यासारखं होतं, ओटीपोटापर्यंत कळतं ते. एवढंसं छिद्र, त्यावर कापसाची पट्टी, टाका नाही. तासाभराने सोडलं. घरी येताना रिक्षात प्रत्येक स्पीडब्रेकरला खालची सीट दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, तेव्हा टाइट लंगोट किंवा सपोर्टर घरूनच घेऊन जा. दोन दिवस पडून राहिलो, बर्फ कपड्यात गुंडाळून लावला, थोडी सूज नि निळेपणा आठवडाभर होता. सिलेंडर, बाइक, जिम आठवडाभर बंद. ताप आला, सूज वाढत गेली किंवा पू दिसला तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

आता तक्रार. सोडताना गोळ्या देणारा म्हणाला, झालं, आता टेन्शन नाही. हे साफ चुकीचं आहे! कापलेल्या जागेच्या पुढे शुक्राणू साठलेले असतात, ते निघून जायला वेळ लागतो, म्हणून तीन महिने कंडोम वापरायचाच आणि मग वीर्याची तपासणी करून रिपोर्ट कोरा आला की मगच बिनधास्त. मला डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, पण डिस्चार्ज कार्डावर याची एक ओळ नाही. माझ्याबरोबर दिव्याचा एक जण होता त्याला हे माहीतच नव्हतं, रिक्षा स्टँडवर उभं राहून मी त्याला सांगितलं. अशाने दिवस गेले तर माणूस बायकोवर संशय घेईल, संसार मोडतील हो.

माझा रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला, शुक्राणू शून्य. सॅम्पल तासाभरात पोचवायचं असतं म्हणून लॅब घराजवळची बघा. कंडोमने रोगांपासून जो बचाव होतो तो नसबंदीने होत नाही, हेही लक्षात असू द्या.

पाचपैकी चार स्टार, एक त्या कार्डासाठी कापला. ऑपरेशन शुक्रवारी ठेवा, शनिवार-रविवार आरामाला मिळतो.