हैदराबादचे सुधा कार्स म्युझियम : बुटाच्या आणि बर्गरच्या आकाराच्या मोटारी

हैदराबादला गेलेल्या प्रत्येकाने चारमिनारसोबत बहादूरपुऱ्यातील, नेहरू प्राणिसंग्रहालयाजवळचे सुधा कार्स म्युझियम आवर्जून पाहावे, असे मला मनापासून वाटते. के. सुधाकर यांनी बनवलेल्या येथील मोटारींना बूट, बर्गर, क्रिकेटची बॅट, कॅमेरा, हँडबॅग असे आकार आहेत आणि त्या केवळ देखावा नसून खरोखर चालणारी वाहने आहेत. 2005 साली गिनीज बुकात नोंदली गेलेली, 41 फूट 7 इंच उंचीची तीनचाकी सायकलही त्यांचीच. एकट्या चाकाचा व्यासच 17 फूट असल्याने तिच्याशेजारी उभा राहिलेला धडधाकट माणूसही लहान मूल वाटतो.

मी सर्वाधिक वेळ उंच टाचेच्या बुटाजवळ रेंगाळलो. महिला दिनाच्या निमित्ताने साकारलेल्या या बुटाची टाच, वळणदार पत्रा आणि खालची छोटी चाके यांचा मेळ इतका नेटका जमला आहे की, मोटार कुठे संपते आणि बूट कुठे सुरू होतो, हे चटकन कळत नाही. मोटारींमध्ये थोडे अधिक अंतर असते, तर प्रत्येकीचा घाट दुरून न्याहाळता आला असता. मुलांना सोबत न्यावे आणि दोन तास हाताशी ठेवावेत.