मेलेल्या पोलिसाचा न्याय : 'रॅथ ऑफ द स्पेक्टर'

जुन्या अमेरिकी कॉमिक्सचा विषय निघाला की बोलणे सुपरमॅन आणि बॅटमॅन यांच्यापाशीच घुटमळते. सुपरमॅनच्याच दोन जनकांपैकी एक असलेल्या जेरी सीगलने चित्रकार बर्नार्ड बेलीच्या साथीने फेब्रुवारी १९४०च्या 'मोअर फन कॉमिक्स'मध्ये, म्हणजे ५२व्या अंकात, उभा केलेला स्पेक्टर मात्र सहसा कोणाला आठवत नाही. डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनसंस्थेने २००५ साली काढलेला 'रॅथ ऑफ द स्पेक्टर' हा संग्रह वाचून संपवल्यावर या विस्मरणाची मला मनापासून हळहळ वाटली.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळावर एक पिढी वाढली. त्या वेताळाचे नाव भुताचे असले तरी मुखवट्यामागे हाडामांसाचा माणूस होता. स्पेक्टर खरोखरच मेलेला आहे. जिम कॉरिगन या पोलीस डिटेक्टिव्हला गुंड सिमेंटने भरलेल्या पिंपात घालून पाण्यात बुडवतात. त्याचा आत्मा वर पोहोचतो, तेव्हा एक अदृश्य आवाज त्याला प्रवेश नाकारतो आणि पृथ्वीवरचे गुन्हे निपटून काढेपर्यंत त्याला विसावा नाही, असे सांगून परत पाठवतो. मुक्ती न मिळालेला आत्मा आपल्या गोष्टींत असतोच, पण त्याचा अडकलेला पाय बहुधा त्याच्याच एखाद्या अपुऱ्या इच्छेत असतो. इथे मात्र इच्छा दुसऱ्याची आणि वणवण याची, आणि या पात्राचे सारे दुःख त्यातच आहे.

सुरुवातीची ही धग फार काळ टिकली नाही. पर्सिव्हल पॉप नावाचा विनोदी साथीदार त्याच्या गळ्यात मारण्यात आला, आणि १९४५ साली 'मोअर फन'च्या ज्या १०१व्या अंकात सुपरबॉय पहिल्यांदा आला, त्याच अंकात स्पेक्टरची मालिका आटोपली. साठच्या दशकात त्याला पुन्हा आणले गेले, पण तेही फार दिवस चालले नाही. १९५४ सालच्या कॉमिक्स कोडने, म्हणजे कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीने, भयकथांचे हातपाय बांधले होते. १९७१ साली ते नियम सैल झाले आणि मग संपादक जो ऑर्लँडो, लेखक मायकल फ्लेशर आणि चित्रकार जिम अपारो यांनी 'ॲडव्हेंचर कॉमिक्स'च्या ४३१ ते ४४० या दहा अंकांत, १९७४-७५ साली, या पात्राला त्याचा मूळ स्वभाव परत दिला. संग्रहाचा गाभा म्हणजे हेच दहा अंक.

यातल्या शिक्षा एकदा वाचल्या की विसरत नाहीत. एका खुन्याचे लाकूड होते आणि ते करवतीखाली जाते, दुसऱ्याची काच होऊन तिचे तुकडे होतात, आणि केशकर्तन करणाऱ्या एका गुन्हेगाराला त्याचीच कात्री माणसापेक्षा मोठी होऊन मधोमध कापते. रक्त जवळजवळ दिसतच नाही, कारण लाकूड चिरले तर भुसा पडतो. पण करवतीकडे सरकताना त्या लाकडाला अजून माणसाचाच आकार असतो, आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो तो त्यामुळे. अपारो बहुधा पेन्सिल आणि शाई या दोन्हींबरोबर अक्षरलेखनही स्वतःच करीत असे, त्यामुळे चित्र आणि शब्द एकाच हाताचे वाटतात. खडूसारखे पांढरे अंग, हिरवा झगा आणि टोपीच्या सावलीत बुडालेला चेहरा हे त्याने इतक्या थंडपणे रेखाटले आहे की शिक्षा देणाऱ्याला तिचा आनंद होतो आहे, असे कुठेही वाटत नाही.

दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गुन्हा, तपास आणि शिक्षा हा साचा तिसऱ्या-चौथ्या कथेत ओळखीचा होतो, म्हणून हा संग्रह एका बैठकीत वाचू नये. रोज एक कथा पुरे. कॉरिगनवर जीव जडलेली ग्वेंडोलिन स्टर्लिंग हिला लेखकाने प्रेम आणि अश्रू यांपलीकडे फारसे काही दिलेले नाही. अर्ल क्रॉफर्ड हा पत्रकार मात्र मोलाची भर आहे. गुन्हेगार असले म्हणून माणसांना असे मारावे का, हा वाचकाच्या मनातला प्रश्न तो कथेच्या आतच उभा करतो. फ्लेशरने त्याला तिथे जागा दिली, हे मला त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते.

माझ्या दृष्टीने संग्रहाचा कळस एकाही शिक्षेत नसून मालिकेच्या शेवटच्या दोन अंकांत आहे. तिथे कॉरिगनला त्याची सर्वांत साधी इच्छा, म्हणजे पुन्हा जिवंत माणूस होणे, मिळते. लग्नाची स्वप्ने पडू लागतात आणि तो पुन्हा मारला जातो. ज्याला गोळी लागत नाही आणि भिंत अडवत नाही अशा नायकाची काळजी कशी वाटावी, हा या पात्रापुढचा जुना पेच होता. त्याच्याकडून काहीतरी हिरावून घेता येण्याजोगे आधी त्याच्या पदरात टाकून फ्लेशरने तो सोडवला.

पुस्तकाच्या अखेरीस आणखी तीन कथा आहेत. मालिका बंद पडल्यामुळे त्यांच्या संहिता पडून राहिल्या होत्या आणि तब्बल १३ वर्षांनी, याच कथांच्या १९८८च्या पुनर्मुद्रण मालिकेच्या चौथ्या अंकासाठी, अपारोने त्या चित्रांत उतरवल्या. त्या आधी चाळू नयेत. कॉरिगनचा दुसरा मृत्यू वाचून झाल्यावर, एक दिवस मध्ये जाऊ देऊन, मगच त्या उघडाव्यात.