ठिसूळ खडकातील बोगद्यासाठी स्वयंवेधी पोकळ बोल्ट: एक परीक्षण
चुरा झालेल्या शेल किंवा फायलाइट या थरदार खडकांमध्ये नेहमीचा रॉकबोल्ट (खडक बांधून ठेवणारी सळई) बसवताना मुख्य अडचण अशी असते, की ड्रिलचा दांडा बाहेर काढताच छिद्र ढासळते. आर-३२ आकाराच्या (सुमारे ३२ मिमी बाह्य व्यासाच्या) या स्वयंवेधी बोल्टमध्ये दांडाच आत बोल्ट म्हणून राहतो, टोकाचे बिट (खडक कापणारा भाग) तिथेच सोडून दिले जाते आणि पोकळीतून सिमेंटचे ग्राउट (पोकळी भरणारे ओतीव मिश्रण) दाबले जाते. संपूर्ण लांबीवर आटे असल्यामुळे कपलर (दोन दांडे जोडणारा तुकडा) लावून लांबी वाढवता येते, आणि अरुंद हेडिंगमध्ये (बोगद्याच्या खोदल्या जाणाऱ्या भागात) ही सोय मला सर्वांत मोलाची वाटली. चिकणमातीयुक्त खडक पाण्याच्या फ्लशिंगने (छिद्रातील चुरा धुऊन काढण्याने) मऊ पडतो, म्हणून ड्रिलिंग करतानाच पातळ ग्राउट सोडणे अधिक चांगले. पुरवठ्यासोबत आलेली साधी बिटे मात्र क्वार्ट्झचा पट्टा लागताच लवकर झिजतात. शिवाय ग्राउट पुरेसे घट्ट होईपर्यंत बोल्ट फारसा भार घेत नाही. त्यामुळे खोदाईचा टप्पा आखूड ठेवणे आणि शॉटक्रीटचा (फवारलेल्या काँक्रीटचा) पहिला थर तत्काळ मारणे टळत नाही. छत व भिंतींसाठी मी याची निःसंकोच शिफारस करेन, परंतु पुढे खणल्या जाणाऱ्या फेससाठी (बोगद्याच्या समोरच्या खडकासाठी) नाही, कारण तेथे पोलाद यंत्राच्या आड येते, तर काचतंतूंचे बोल्ट खोदाईबरोबर सहज तुटून जातात.