कोलेस्टेरॉल वाढलंय, गोळी घ्यायची की पथ्यच पाळायचं?
एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं दिसलं की आपल्या कोल्हापुरात कोण म्हणतंय रंकाळ्याला फेऱ्या मारा, कोण म्हणतंय सरळ गोळी सुरू करा. चालणं, रश्श्यावरचा कट कमी करणं, तंबाखू सोडणं हे तर सगळ्यांनाच पायजे, पण नुसत्या पथ्यानं एलडीएल साधारण १० ते १५ टक्केच उतरतं, कारण बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, ते बनणं तिथंच अडवते, जास्त डोसला एलडीएल ५० टक्के किंवा त्याहून जास्त खाली येतं. काहींचं अंग दुखतं, तेव्हा डॉक्टरांना सांगून डोस बदलून घ्या. अटॅक येऊन गेलेल्यांनी फक्त पथ्यावर अजिबात राहू नये, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, काही आठवड्यांत परत चढतं.