लाइट बिलावरचं नाव

मे २०१९ मध्ये आम्ही घाटकोपरला एका एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या, बिल्डिंगमध्ये हेवी डिपॉझिटवर रूम घेतली. सातवा मजला, २६९ चौरस फूट, खिडकीतून वारा बरा. चार लाख द्यायचे, महिन्याचं भाडं नाही, सोडताना चार लाख जसेच्या तसे परत. निम्मे पीएफचे, निम्मे हिच्या भिशीचे आणि सासऱ्यांकडून उसने.

रूम बघायला गेलो तेव्हा दाराच्या कडीत लाइट बिल खोचलेलं होतं. हिने ते काढून वाचलं. वर कुण्या बाईचं नाव, आणि आमचा ‘मालक’ तर चाळिशीतला बाप्या. एजंट लगेच म्हणाला, “वहिनी, यांची मावशी ती. गावाला असते. मीटर बदलायचं राहिलंय.” ही खाली येताना जिन्यात म्हणाली, “अहो, मला काही ठीक वाटत नाही.” मी तिलाच गप्प केलं.

करार रजिस्टर करू या, असं मी म्हटलं होतं, अगदीच बावळट नव्हतो. एजंटने दहा-बारा हजारांचा खर्च सांगितला आणि नोटरीवर भागवलं. खरा हिशोब नंतर कळला. चार लाख डिपॉझिटवर अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क शंभरेक रुपये आणि नोंदणी फी हजार. एजंटला दलालीच त्याच्या कितीतरी पट दिली होती.

आठ महिन्यांनी दाराला नोटीस चिकटली : अनधिकृत रहिवासी, रूम खाली करा. तेव्हा पहिल्यांदा मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो. काकांनी रजिस्टर उघडून आमच्या रूमवर बोट ठेवलं. बिलावरचंच नाव. मावशीबिवशी काही नाही. त्या बाईंनी पूर्वी याच माणसाला रूम अशीच डिपॉझिटवर दिली होती, त्याने ती पुढे आम्हाला दिली. मुळात झोपडपट्टी कायद्याच्या कलम ३-ई प्रमाणे पुनर्वसनाचं घर वाटपापासून दहा वर्षं विकता येत नव्हतं, भाड्यानेही देता येत नव्हतं. बिल्डिंगला तेव्हा जेमतेम चार वर्षं झालेली.

पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, “दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” वकील म्हणाला, भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. त्याने नोंदवला नाही, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही आहे. मला हुरूप आला. मग त्याने चष्मा पुसत विचारलं, “पण तुमचा घरमालक कोण?” ज्याने पैसे घेतले तो मालकच नव्हता, आणि जी मालक होती तिने आम्हाला कधी पाहिलंही नव्हतं. नोटरीने शिक्का मारला तो सह्यांवर. घर कुणाचं, हे तो बघत नसतो.

चार लाखांपैकी पस्तीस हजार परत आले, तेही एजंटच्या दारात दोन रविवार ठाण मांडून बसलो तेव्हा. त्या ‘मालका’चा फोन आजही बंद लागतो.

सध्या डोंबिवलीला भाड्याने आहोत. करार रजिस्टर्ड. सही करण्याआधी हिने घरमालकांकडे लाइट बिल, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा सरकारी उतारा) आणि सोसायटीची पावती मागितली आणि तिन्हींवरची नावं एकाखाली एक ठेवून वाचली. ते जरा चिडलेच, “पोलिसात आहात काय?” म्हणाले. हिने आधार कार्डही मागितलं.