डिजिटल तानपुरा-तबला यंत्र: दिवाळी ते जून, प्रवेशचाचणीच्या तयारीतला वापर

मूल बारावीनंतर गायनात पदवी करायचं म्हणतंय, पणजीतल्या आल्तिनोच्या गोवा संगीत महाविद्यालयाची नाहीतर गोव्याबाहेरच्या एखाद्या विद्यापीठाची प्रवेशचाचणी समोर आहे, आणि रियाझासाठी यंत्र घ्यावं की मोबाईलवर भागवावं हे ठरत नाही, अशा घरांसाठी हे लिहितोय. यंत्र म्हणजे तानपुरा आणि तबला एकाच डब्यात, दोघांच्या आवाजाची बटणं वेगळी, बॅटरी आतच. दिवाळीपासून ते रोज चालू आहे आणि आता एक पावसाळाही त्याने पाहिलाय.

मत आधीच सांगतो: यंत्र तानपुऱ्यासाठी घ्यावं, तबल्यासाठी नव्हे. दुकानात मात्र सगळा वेळ तबला दाखवण्यात जातो. किती ताल आहेत, ठेक्याचे किती प्रकार आहेत. चाचणीला बसणाऱ्या मुलाला त्रिताल, एकताल, झपताल, रूपक आणि सोबत दादरा-केरवा एवढं पुरतं. दुकानात पाहायचं ते वेगळंच. सूक्ष्म स्वर जुळवायचं बटण किती बारीक चालतं? पहिली तार पंचम, मध्यम, निषाद अशी बदलता येते का? तबला पूर्ण बंद केला तरी तानपुरा चालू राहतो का?

पहिली तार बदलता येणं ही चैन नव्हे. मालकंस रागात पंचम वर्ज्य. तिथे पंचमाची तार वाजत राहिली तर मुलाचा मध्यम कधीच नीट स्थिरावत नाही, आणि मालकंसात मध्यमच डळमळला तर उरलं काय? बागेश्रीलाही मध्यमाची तार बरी. पूरिया, मारवा असेल तर निषाद.

सूक्ष्म स्वराच्या बटणाचं महत्त्व बऱ्याच घरांना उशिरा कळतं. यंत्राची काळी पाच, म्हणजे पेटीच्या (हार्मोनियमच्या) पाचव्या काळ्या सुरावर धरलेला षड्ज, नेमकी असते. चाचणीच्या खोलीतली पेटी तेवढी नेमकी असेलच असं नाही. जुन्या पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असतात. सहा-सात महिने एकाच नेमक्या षड्जावर गायलेल्या मुलाला तो किंचित हललेला षड्ज परका वाटतो आणि पहिला आलाप चाचपडत जातो. म्हणून शेवटचे दोन महिने रोज पट्टी थोडी हलवावी. एका अर्धस्वराचे 100 भाग धरले तर आज 10 वर, उद्या 15 खाली. मुलाला सांगू नये, त्याला षड्ज कानाने शोधू द्यावा.

पेटीचा दुसरा प्रश्न गांधाराचा. तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या, तारेतून जो शुद्ध गांधार आपोआप उमटतो, त्यापेक्षा पेटीचा गांधार याच मापाने सुमारे 14 भाग चढा असतो. गोव्यात मुलं भजनातून गाण्याकडे येतात, कान पेटीवर तयार झालेला असतो, त्यामुळे यमन-भूपात गांधार चढा लागतो आणि गुरुजींनी सांगितलं तरी तो चढा आहे हे ऐकूच येत नाही. यंत्राचा खरा फायदा इथे झाला. पेटी बंद, तबला बंद, फक्त तानपुरा, आणि पंधरा मिनिटं षड्ज-गांधार-पंचम एवढंच. गांधार बरोबर बसला की तो तानपुऱ्यात विरघळतो, चढा असला की किंचित कंप जाणवतो. यात घाई चालत नाही, फरक दिसायला आठवडे लागतात.

आवाज किती ठेवायचा? कमी. तानपुऱ्याचा आवाज मोठा असला की बेसूर लपतो आणि मुलाला वाटतं सगळं छान चाललंय. यंत्र समोर मांडू नये. मागच्या बाजूला, कानाच्या उंचीवर, हातभर अंतरावर असावं. आठवड्यातून एकदा मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावं, मोबाईल गाणाऱ्याजवळ आणि यंत्र लांब.

आता दोष. आतला स्पीकर लहान आहे. मुलीची पट्टी काळी चार-पाच असेल तर त्यावर भागतं. मुलगा काळी एकमध्ये गात असेल तर षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा आणि खर्ज 69 चा, आणि तो खर्ज एवढ्याशा स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. तार वाजल्याचा भास होतो, पाया मिळत नाही. बाहेरचा बरा स्पीकर वायरने जोडला की प्रश्न सुटतो, पण तिथे दुसरी अडचण येते. यंत्र अॅडॉप्टरवर असताना स्पीकरमधून बारीक भुणभुण येऊ लागते. घरच्या विजेमुळे ती बहुतेक 100 हर्ट्झच्या आसपास असते आणि काळी चारचा खर्ज 104 चा. म्हणजे खर्जाशेजारी अखंड उतरलेला सूर! स्वराची साधना चालू असताना यंत्र बॅटरीवरच ठेवावं, चार्जिंग नंतर. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज किंचित उशिरा येतो. मात्रेचा दिवा बघत टाळी देणारं मूल त्यात गोंधळतं. तसंही दिव्यावर कागद चिकटवून ठेवलेला बरा.

तबल्याबद्दल सगळ्यात महत्त्वाचं हे. यंत्रावर ठेका आधी सुरू होतो आणि गाणारा त्यात मागून शिरतो. चाचणीत उलटं असतं. मूल बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, उचलतं, तबलजी लय ऐकतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. लय मुलाने द्यायची असते. महिनोन्महिने चालू ठेक्यावर गायलेली मुलं इथे अडखळतात. मुखडा एका लयीत आणि अस्ताई (बंदिशीचा पहिला भाग) दुसऱ्या लयीत असं होतं, किंवा तबला सुरू होईल म्हणून ती थांबून राहतात. त्यासाठी तबल्याचा आवाज शून्यावर ठेवून हाताने टाळी देत मुखडा उचलायचा, समेवर पोचायचं, एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) तसंच म्हणायचं आणि मगच ठेका लावायचा. नववी मात्रा, म्हणजे खालीपासून (टाळी न देता हात सोडायची मात्रा) उठणारी त्रितालातली बंदिश मिनिटाला 100 मात्रांच्या लयीत असेल तर समेपर्यंत आठ मात्रा, पाच सेकंदांहूनही कमी. तेवढ्यात तबलजीला लय कळली पाहिजे, इतका मुखडा स्वच्छ हवा.

लय पळते का हेही यंत्रच दाखवतं. ठेका चालू असताना तबल्याचा आवाज पूर्ण उतरवायचा, मुलाने टाळी देत दोन आवर्तनं गायची, मग आवाज चढवायचा. सम कुठे आली ते लगेच कळतं. यंत्र बंद करून पुन्हा चालू करू नका, ते पहिल्या मात्रेपासून सुरू होतं आणि चूक झाकली जाते. बहुतेक मुलं तानांमध्ये पळतात आणि अंतऱ्याच्या वरच्या षड्जावर रेंगाळतात. इथे गोव्यातल्या मुलांची एक बाजू मात्र भक्कम असते: चवथीला घुमट-शामेळ या तालवाद्यांच्या आरत्यांत वाढलेलं मूल लयीला घाबरत नाही. त्याला सम सापडते, पण मात्रा मोजून दाखवता येत नाहीत. झपतालाला टाळी 1, 3, 8 वर आणि खाली 6 वर, रूपकात समेलाच खाली, हे बोलत-बोलत हाताने दाखवायचा सराव वेगळा करावा लागतो. अशा चाचण्यांत ठेका हातावर धरायला सांगणं अगदी नेहमीचं आहे. तसंच परीक्षकांनी म्हटलेला किंवा पेटीवर वाजवलेला तुकडा परत म्हणणं, स्वर ओळखणं. या भागासाठी यंत्राचा उपयोग नाही. घरातल्या कुणीतरी पेटीवर बसायला हवं.

काय गायचं यावर घराघरांत वाद होतात, तेव्हा सरळ हिशेब करावा. विलंबित एकताल मिनिटाला 15 मात्रांच्या लयीत लावला तर एक आवर्तन 48 सेकंदांचं. पाच-सात मिनिटं मिळाली तर हातात सहा ते आठ आवर्तनं, आणि मूल अजून मध्यमावरच. मध्यलय त्रिताल 100 च्या लयीत घेतला तर आवर्तन साडेनऊ सेकंदांच्या आसपास. तेवढ्याच वेळात आलाप, अस्ताई, अंतरा, बोलआलाप, थोड्या ताना, सगळं दिसतं. बडा ख्याल, म्हणजे ती विलंबित बंदिश, तयार ठेवावा, विचारला तर गावा. नाट्यगीत आपल्याकडे सगळ्यांना प्रिय, जत्रेतल्या नाटकांमुळे मुलांच्या गळ्यातही असतं, पण ते दुसरं. आधी राग.

तबल्याच्या विद्यार्थ्यांनी हे यंत्र घेऊ नये. त्यांना लेहरा, म्हणजे आवर्तनभर फिरत राहणारी साथीची धून, लागतो आणि आमच्या यंत्रात तो नाही. पेशकार, कायदा, रेला हे तबल्याच्या रचनांचे प्रकार लेहऱ्यावर बसवावे लागतात. त्यासाठी मोबाईलवरचं अॅप किंवा, जमलं तर, पेटी वाजवणारा मित्र. चाचणीला जाताना हातोडी न्यावी. पावसात पुडी (तबल्याचं चामडं) उतरते, घरी जुळवलेला तबला बसमधून आल्तिनोपर्यंत तसाच राहत नाही. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि पुडी सुकवायला विस्तवाजवळ धरायचं नाही. शाई तडकते.

फक्त मोबाईल पुरेल का? गळा तयार आहे आणि गुरूंकडे आठवड्यातून तीन-चार दिवस खऱ्या तानपुऱ्यावर बसायला मिळतं, तर पुरेल. चांगल्या स्पीकरला जोडलेलं अॅप वाईट वाजत नाही. मधेच फोन येतो आणि मूल मोबाईल हातात घेतं, हाच मोठा तोटा. लाकडी तानपुरा परवडत असेल तर अर्थातच तो. दमटपणात खुंट्या फुगून अडकतात, त्यांना खडू लावावा लागतो, जवारीचा, म्हणजे तारेखालचा झणकार आणणारा, दोरा सारखा सरकवावा लागतो; पण आधी जोडीच्या तारा, मग खर्ज, मग पंचम, शेवटी बारीक जुळवणीचे मणी, असा तानपुरा जुळवता येणाऱ्या मुलाचा कान यंत्रावर वाढलेल्या मुलाच्या पुढे असतो. आमच्याकडे यंत्र खऱ्या तानपुऱ्याशेजारी संदर्भाला ठेवलं तेव्हा दोघांचाही उपयोग वाढला.

चाचणीला यंत्र नेता येईल असं गृहीत धरू नये, साथीला काय असतं ते अर्ज देतानाच विचारावं. आल्तिनो टेकडीवर आहे. कदंब बसच्या स्टँडवरून चढून गेलेल्या मुलाचा श्वास लगेच गाण्याजोगा नसतो, तेव्हा अर्धा तास आधी पोचावं, कोमट पाणी प्यावं आणि कोपऱ्यात हलकेच खर्ज लावावा. खोलीत गेल्यावर पहिलं काम म्हणजे आपली पट्टी स्पष्ट सांगणं, "काळी चार" किंवा "पांढरी दोन". रोज बटण दाबून षड्ज मिळालेल्या काही मुलांना स्वतःच्या पट्टीचं नावच माहीत नसतं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर जुलैपासून आवाजाच्या बटणात खरखर सुरू झाली, खारट दमट हवेचा परिणाम. कापडी पिशवीपेक्षा झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत सिलिका जेल हे बरं पडलं. चार्जिंगची पिन ढिली झाली ती दुरुस्तीला गोव्याबाहेर पाठवावी लागली आणि रियाझाचे बरेच दिवस गेले. लाईट जाते त्या दिवसांत बॅटरी सहज चार तास चालते, मात्र पूर्ण उतरली की जुळवलेली पट्टी पुसली जाते. सूक्ष्म स्वराचा आकडा एका कागदावर लिहून यंत्राच्या तळाला चिकटवून ठेवा.