एसक्यूएल सर्व्हरवर ॲक्सेसचे फॉर्म: काही महिने वापरून

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) स्टोअर, उत्पादन, डिस्पॅच आणि बिलिंग एकाच डेटाबेसवर चालतं. डेटा एसक्यूएल सर्व्हर 2019 एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर आहे. ही फुकट आवृत्ती, एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा. आमच्या आकाराच्या कारखान्याला ती बरीच वर्षं पुरेल. प्रश्न होता माणसं ज्यात टाइप करतात त्या पडद्यांचा.

जुना प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक 6 मधला. विंडोज 10 वर तो अजून चालतो, पण तो ज्यात लिहायचा त्या साधनाचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 2008 सालीच थांबवला, आणि त्याचे मूळचे कंट्रोल (पडद्यावरचे रकाने, बटणं) युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत, जाणत नाहीत. आमच्याकडे कामगारांची नावं कन्नडमध्ये, कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकांची मराठीत आणि बिल इंग्रजीत, म्हणून तो बाद. ओरॅकलचं एपेक्स, म्हणजे ब्राउझरमधले पडदे बनवायचं साधन, दिसायला झकास, पण ते ओरॅकल डेटाबेसच्या आतच राहतं. पडद्यांसाठी सगळा डेटा हलवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत सगळं लिहायचं तर आयटीला मी एकटा. राहिलं ॲक्सेस, मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधलं फॉर्म आणि रिपोर्ट बनवायचं साधन.

ॲक्सेसचं नाव काढलं की प्रोग्रॅमर मंडळी नाक मुरडतात. 2 जीबीची मर्यादा दाखवतात. पण ती ॲक्सेसच्या स्वतःच्या फाइलची. सर्व्हरवरची टेबलं ओडीबीसीने (डेटाबेसशी बोलणाऱ्या ड्रायव्हरने) जोडली की डेटा सर्व्हरवरच राहतो.

याचं खरं सोनं एंट्रीत आहे. हीट रजिस्टर, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक खेपेची नोंद, घ्या. वर हीट नंबर आणि तापमान, खाली चार्ज, म्हणजे भट्टीत टाकलेला माल: पिग आयर्न, स्क्रॅप, फेरो सिलिकॉन. त्याखाली किती नग ओतले, किती रिजेक्ट झाले आणि कशाने, ब्लो होल (वायूने पडलेली पोकळी) की कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची रेघ). एका फॉर्ममध्ये दोन सबफॉर्म (फॉर्मच्या आतले छोटे फॉर्म) बसवले की काम झालं, कोड जवळजवळ शून्य. आमचे स्टोअरवाले मामा आधी कुरकुरले, मग एका संध्याकाळी म्हणाले, "माऊस कशाला लागतंय साहेब, एंटर मारत गेलं की झालं की!" वेबच्या पानावर हा वेग आणायला चांगलाच घाम गाळावा लागतो.

त्रास सर्व्हरच्या जोडणीत आहे, आणि तो कुणी आधी सांगत नाही. टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम) नसेल तर जोडलेलं टेबल फक्त वाचता येतं. होय-नाहीच्या बिट कॉलममध्ये नल (काहीच न भरलेली जागा) राहिला तर एकटाच माणूस काम करत असला तरी 'दुसऱ्या कुणीतरी रेकॉर्ड बदललं' असा संदेश येतो. बिटला डीफॉल्ट शून्य द्या, जुने नल भरून काढा आणि प्रत्येक टेबलात रोव्हर्जन कॉलम (ओळ बदलली की आपोआप बदलणारा आकडा) टाका, कटकट संपते. कन्नड-मराठी मजकुराचा कॉलम एनव्हारकॅर या युनिकोड प्रकाराचाच हवा, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. फॉन्ट निर्मला यूआय ठेवा, त्यात दोन्ही लिप्या आहेत. जुनी यादी श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागते, आणि ते काम कंटाळवाणं आहे.

महिन्याचा रिजेक्शन रिपोर्ट सुरुवातीला रडतखडत उघडायचा. कारण सर्व्हरवरचं टेबल मशीनवरच्या टेबलाशी जोडलं की ॲक्सेस बरेचदा अख्खं टेबल नेटवर्कवरून ओढून आणतं. रिपोर्टची क्वेरी सर्व्हरवर व्ह्यू (साठवलेली क्वेरी) करून ठेवली आणि रिपोर्ट पास-थ्रूने, म्हणजे क्वेरी थेट सर्व्हरलाच चालवायला देऊन, चालवला, आता चहा यायच्या आत प्रिंट हातात.

फ्रंट-एंड फाइल, म्हणजे फॉर्म आणि रिपोर्ट असलेली ॲक्सेसची फाइल, प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी ठेवा. शेअर्ड फोल्डरमधली एकच फाइल सगळ्यांनी उघडली तर ती कधीतरी करप्ट होणारच. पूर्ण ॲक्सेस मी फक्त माझ्यासाठी घेतलंय, बाकी सगळीकडे फुकटचं रनटाइम, ज्यात तयार फॉर्म नुसते चालवता येतात. त्यात एक खोड आहे: कोडमध्ये न हाताळलेली चूक आली की ॲप्लिकेशन सरळ बंद पडतं. म्हणून प्रत्येक बटणामागे एरर हँडलर (चूक सांभाळणारा कोड) हवाच. आणि 32 बिट ऑफिसला 32 बिटचाच ओडीबीसी ड्रायव्हर लागतो, हेही नवीन मशीन लावताना ध्यानात असू द्या.

जिथे ॲक्सेसने हात टेकले ते कोल्हापूरजवळच्या शिरोलीचं आमचं डेपो. व्हीपीएनवरून (इंटरनेटवरून कारखान्याच्या नेटवर्कशी जोडून) फॉर्म उघडायचा म्हणजे बसून राहायचं, कारण दर हालचालीला त्याची सर्व्हरशी ये-जा चालते. तिथे मी स्टॉक बघायला आणि मागणी नोंदवायला ब्राउझरमध्ये दोन साधी पानं दिली. ती सोपी गेली, कारण कराचे वगैरे नियम फॉर्ममध्ये ठेवलेच नव्हते. कर्नाटकातल्या या कारखान्याच्या बिलात पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी, महाराष्ट्र असेल तर आयजीएसटी. 29 (कर्नाटकचा जीएसटी कोड) की 27 (महाराष्ट्राचा) हे ठरवणारा प्रोग्रॅम सर्व्हरवरच साठवलेल्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये आहे. तेच बिल कुठल्याही पडद्यावरून करा, कर एकच लागतो. सीमेवर धंदा करणाऱ्याला हे दिवसातून अनेकदा लागतं, आणि दोन ठिकाणी दोन कर निघाले तर ऑडिटर सोडत नाही.

पुढच्या वर्षी डिस्पॅचचं चलनही ब्राउझरवर न्यायचा विचार आहे, ड्रायव्हरला मोबाइलवर दिसेल म्हणून. हीट रजिस्टर मात्र ॲक्सेसमध्येच राहील, मामा रिटायर होईपर्यंत तरी.